मुंगीसाठी दोन पिशव्या

माझी जीभ काळी आहे असं आमच्या हॉस्पिटलात सगळे म्हणतात, आणि तोंडावर म्हणतात. मला त्याचा कधी राग आला नाही. उलट जरा ऐटच वाटायची, खोटं कशाला बोलू?

मी रक्तपेढीची इन्चार्ज. तळमजल्यावर लिफ्टच्या मागं आमच्या दोन खोल्या आणि चार फ्रीज. अठ्ठावीस वर्षं तिथंच गेली. रोज दुपारी तीनला वरून दुसऱ्या दिवशीच्या हृदयाच्या ऑपरेशनांची यादी येते आणि प्रत्येक पेशंटसमोर मला एक आकडा लिहायचा असतो. याला रक्ताच्या किती पिशव्या लागतील, तो आकडा. मग तेवढ्या पिशव्या त्याच्या रक्ताशी जुळवून बघायच्या, त्याच्या नावाची चिठ्ठी बांधायची आणि राखीव कप्प्यात ठेवायच्या. चिठ्ठी बांधली की त्या पिशवीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, अगदी बाहेर कुणी मरत असलं तरी मला विचारल्याशिवाय नाही. चिठ्ठी नसेल ती पिशवी सगळ्यांची.

आकडा काढायला छापील तक्ता आहे. वय झालेलं असेल तर गुण वाढले, बाई असेल तर वाढले, वजन पन्नासच्या आत, हिमोग्लोबिन खाली, किडनी थकलेली, रक्त पातळ करायच्या गोळ्या आत्ता आत्तापर्यंत चालू, असं एकेक धरत जायचं. छाती आधी एकदा उघडलेली असेल तर सरळ तीन गुण, कारण आत सगळं चिकटलेलं असतं आणि ते सोडवताना रक्त जातं. बेरीज करायची, खालच्या कोष्टकात बघायचं, झालं. शाळकरी पोराचं काम. पण मी नुसत्या तक्त्यावर कधी विसंबले नाही. यादी आली की मी वॉर्डात चक्कर मारते. पेशंटची खालची पापणी ओढून बघते, सुई टोचलेल्या जागी जांभळं किती पसरलंय ते बघते, चार शब्द बोलून दम कुठं लागतो ते ऐकते. मग खाली येऊन लिहिते. तक्ता तीन म्हणाला आणि मी पाच लिहिले, तर पाच लागतात.

त्यामुळं लिफ्टमध्ये भूल देणारे डॉक्टर मला बघून हात जोडायचे. "बाई, उद्या आमच्यावर मेहेरबानी करा, एकच लिहा." एकदा एका शिंप्याची बायको खिडकीशी आली आणि म्हणाली, "तुम्ही आमच्या ह्यांचे चार लिहिलेत म्हणे. खोडा ना हो." मी तिला चांगलं झापलं. "अहो, मी लिहिते म्हणून लागत नाहीत. लागणार असतात म्हणून मी लिहिते. एवढं साधं कळत नाही?" ती बिचारी मान हलवून गेली, पण तिला पटलं नव्हतं. नवऱ्याचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं, दुसऱ्या टेबलावर. पहिल्या टेबलावर माझी बहीण होती.

माझ्या धाकट्या बहिणीला आम्ही मुंगी म्हणतो. अंगानं तेवढीशी आणि दिवसभर काहीतरी उचलून इकडून तिकडं नेत असायची. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. बाराव्या वर्षी तिची हृदयातली झडप आखडली होती, तेव्हा छाती उघडून ती सैल करून दिली होती. आता त्रेचाळिसाव्या वर्षी झडप बदलायचीच वेळ आली. जिना चढताना तिसऱ्या पायरीवर थांबायची आणि दम लागलाय असं दिसू नये म्हणून भिंतीकडं काहीतरी बघत उभी राहायची. भिंतीवर काय असायचं? पोपडे. मी म्हणायची, "काय गं, प्रदर्शन बघतेयस का?" आणि दोघी हसायचो. हसलं की तिला आणखी दम लागायचा.

आता मुंगीच्या रक्ताचं सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. लहानपणी तिला बरंच परक्याचं रक्त चढवलं होतं, नंतर दोन बाळंतपणं झाली. अशा माणसाचं रक्त कधी कधी शहाणं होतं. परक्या रक्तातल्या काही गोष्टी ओळखून ठेवतं आणि पुन्हा आल्या की फोडून काढतं. मुंगीचं तसं झालं होतं. गट जुळला म्हणजे झालं, असं तिच्या बाबतीत नव्हतं. दहा पिशव्या तपासाव्या तेव्हा एखादी तिला चालायची. ऑपरेशनच्या आधी दोन दिवस मी आणि माझ्या हाताखालचे एक तंत्रज्ञ पिशव्यांमागून पिशव्या तपासत होतो. त्यांना सगळे शिस्तराव म्हणतात. टोपी सरळ, पेन खिशाला उजवीकडं, आणि नियम म्हणजे नियम. नळ्या ते लावायचे, निकाल मी बघायची. साठ पिशव्यांत मला सहा सापडल्या.

आदल्या दिवशी यादी आली. मी मुंगीचे गुण मांडले. वजन एक्केचाळीस, हिमोग्लोबिन नऊ, किडनी जेमतेम, गोळ्या तीनच दिवसांपूर्वी बंद केलेल्या, छाती दुसऱ्यांदा उघडायची. बेरीज अकरा. कोष्टकाची शेवटची ओळ होती ती, "सहा किंवा जास्त". मी वॉर्डात गेले.

"आलीस का ताई? ये, पापणी ओढ आणि भविष्य सांग," मुंगी म्हणाली.

"गप बस गं." मी पापणी खाली केली. आत गुलाबीचा थेंब नव्हता, पांढरं फटक. दंडावर कालच्या सुईची जागा तळहाताएवढी काळीनिळी झालेली. मला कळलं. आठ. माझ्या डोक्यात आठ असा आकडा सरळ येऊन बसला, जसा इतरांच्या वेळी बसतो.

"किती लिहिणार?" तिनं विचारलं.

"नसत्या चौकशा कशाला?"

"पलीकडच्या आजी म्हणत होत्या, तुझी बहीण लिहिते तेच होतं. मी म्हटलं, मग बरंय, घरचंच माणूस आहे, वशिला लावते." ती हसली आणि मग बराच वेळ छातीवर हात ठेवून श्वास गोळा करत बसली.

बाहेर पॅसेजमध्ये तिचा नवरा माझ्या मागोमाग आला. गणिताचे शिक्षक आहेत, घरात दारात सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. शांत माणूस. बायकोशिवाय पान हलत नाही त्यांचं.

"ताई, एक सांगू? रागवू नका."

"रागवण्यासारखं असेल तर रागवणारच."

"दोनच लिहा."

"मास्तर, तुम्ही पोरांना गणित शिकवता ना? लाज नाही वाटत?"

"शिकवतो. पण तुमचा आकडा चुकला असं एकानं तरी सांगावं. मी चौघांना विचारलं. सिस्टरना विचारलं, भूलवाल्या डॉक्टरांना विचारलं. सगळे हसतात आणि म्हणतात, बाईंचं चुकत नाही." "ताई, मला तिच्याशिवाय काही येत नाही हो. दोनच लिहा ना. तुमचं काय जातं?"

"अडाण्यासारखं बोलू नका," मी इतक्या जोरात ओरडले की वॉर्डाच्या दारातून दोघीतिघींनी डोकावलं. आणि मी तरातरा खाली आले.

खाली आले, रजिस्टर उघडलं, पेन उचललं. आठ लिहायचे. आठ लिहिले की आणखी दोन पिशव्या शोधायच्या, दुसऱ्या रक्तपेढीला फोन करायचा, सगळं मला पाठ होतं. आणि माझा हात हलेना. मला एकदम ते सगळे आठवायला लागले, ज्यांच्यासमोर मी नऊ लिहिले होते, दहा लिहिले होते. एक बँकेतला कॅशियर होता, मी अकरा लिहिले आणि अकरावी पिशवी संपता संपता गेला. एक शाळेतली मुलगी. एकामागून एक सगळे येऊन उभे राहिले. मी स्वतःशीच म्हटलं, अगं बाई, तू काय करतेयस? हे सगळं थोतांड आहे, तूच तर लोकांना सांगतेस. पण जिभेला आणि हाताला ते ऐकू जाईना. माझी धाकटी बहीण होती ती. मी तिला कडेवर घेऊन फिरवलेली होती. मी भ्याले, सरळ सांगते. भ्याले.

मी दोन लिहिले.

स्वतःची समजूत काय घातली तेही सांगते, म्हणजे मी किती हुशार आहे ते कळेल. म्हटलं, लिहिण्यानं काय होतंय? सापडलेल्या सहा पिशव्या फ्रीजमध्येच आहेत ना? दोन पिशव्यांना चिठ्ठ्या बांधल्या. उरलेल्या चार खालच्या फळीवर अगदी मागं सरकवल्या, पुढं बाकीच्या पिशव्यांची रांग लावली. त्या कुठं पळून जाणार आहेत? लागल्या तर काढता येतील. त्या चार मुंगीच्या आहेत हे शिस्तरावांना सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण सांगणं म्हणजे सहा म्हणणंच झालं. मी तोंड मिटलं.

शिस्तरावांनी रजिस्टर बघितलं. "बाई, गुण अकरा आणि पिशव्या दोन?"

"हो, दोन. दिसत नाही का?"

"नाही, म्हणजे आठवण म्हणून विचारलं."

"तुमच्या आठवणी तुमच्याजवळ ठेवा आणि त्या नळ्या धुवायला टाका."

ते गप्प बसले. मी ओरडले की ते गप्पच बसतात. त्या दिवशी त्यांनी ऐकायला नको होतं माझं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. अठ्ठावीस वर्षांत ऑपरेशनच्या दिवशी मी फ्रीजपाशी नाही असं झालं नव्हतं, पण मास्तरांना एकटं कसं बसू देणार? दोन लिहिल्याचं त्यांना रात्रीच सांगितलं होतं. आठ वाजता मुंगीला नेलं. स्ट्रेचरवरून तिनं माझा पदर धरला आणि म्हणाली, "ताई, मास्तरांना चहा पाज. सकाळपासून कोरडेच आहेत."

ऑपरेशनच्या दाराबाहेर भिंतीला लावलेली लोखंडी बाकं आहेत. एका बाकावर आम्ही, पलीकडच्या बाकावर शिंप्याची बायको. तिनं मला ओळखलं, जरा सरकली, मला हसून जागा करून दिली. दारातून बर्फाची पेटी घेऊन सिस्टर ये-जा करतात, रक्त आणायला. बाकीच्यांना ती नुसती निळी पेटी. मला ती पेटी वाचता येते. साडेनऊला सिस्टर आमच्या दोन पिशव्यांतली पहिली घेऊन आत गेली, तोवर सगळं ठीक. अकराला ती रिकामी पेटी घेऊन दुसरी न्यायला बाहेर आली. चालतच होती, पण पावलं झपझप. लिफ्ट वर अडकली होती, तर दोनदा बटण दाबून थांबली. साडेअकराला पुन्हा आली ती लिफ्टकडं बघितलंच नाही, जिन्यानं उतरली. माझ्यासमोरून गेली आणि तिनं माझ्याकडं बघितलं नाही. एरवी ती लांबून "बाई" म्हणून हाक मारते.

"दोनच लागल्या ना?" मास्तरांनी विचारलं.

"आलेच मी," म्हटलं आणि मी जिन्यानं खाली गेले. वय बघता मी पडायलाच हवं होतं.

शिस्तराव फोन हातात घेऊन उभे. "बाई, बरं झालं आलात. दोन्ही गेल्या, आणखी चार मागितल्यात. छाती उघडतानाच रक्तवाहिनी चिरली. मशीननं सांडलेलं रक्त धुऊन परत देतायत, पण पुरत नाहीये."

मी फ्रीज उघडला, गुडघ्यावर बसले आणि खालच्या फळीवर हात घातला. पार मागंपर्यंत. हाताला गार जाळी लागली.

"इथल्या चार कुठं आहेत?"

"कुठल्या चार?"

"मागच्या! मागं ठेवल्या होत्या त्या!"

"त्या जुन्या होत्या ना, बाई. मुदत आठवड्यावर आली होती. सकाळी फळ्या लावताना पुढं काढल्या." ते माझ्याकडं बघत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत होता. "जुनी आधी, नवी नंतर. नियमच आहे. दोन बाळंतपणाच्या वॉर्डात गेल्या, दोन शिंप्याला लावल्या, दुसऱ्या टेबलावर, त्याच्या चारपैकी दोन काल बांधायच्या राहिल्या होत्या. का हो?"

त्या लोकांना कुठलीही चालली असती. फ्रीजमधली त्यांच्या गटाची कुठलीही पिशवी उचलून दिली असती तरी चाललं असतं. माझ्या मुंगीला ज्या चारच चालत होत्या, त्याच चार गेल्या. मी वॉर्डात फोन केला, दुसऱ्या टेबलावर केला. चारही लावून झाल्या होत्या. शिस्तरावांनी काय चूक केली? काही नाही. चिठ्ठी नव्हती. चिठ्ठी मी बांधायची होती.

कालच्या तपासलेल्या पिशव्यांवर वेळ घालवण्यात अर्थ नव्हता, त्या चालत नाहीत हे मला माहीत होतं. सकाळी नव्या आलेल्या नऊ होत्या. आम्ही दोघांनी नऊ एकदम लावल्या. कितीही घाई केली तरी पाऊण तास लागतो, मशीन तुमच्या रडण्यासाठी लवकर फिरत नाही. दुसऱ्या दोन रक्तपेढ्यांना फोन केले. शोधून, जुळवून, पाठवायला तीन तास, दोन्हीकडून तेच उत्तर. फोन ठेवला की वाजायचा. "बाई, झालं का?" "होतंय." "बाई, किती वेळ?" "होतंय म्हटलं ना!"

नऊपैकी एक जुळली.

भूलवाले डॉक्टर फोनवर होते. "किती आहेत?"

"एक."

"एक? बाई, बहीण ना तुमची?"

मग ऑपरेशन करणाऱ्या मोठ्या डॉक्टरांचा आवाज आला, मागं मशीनची घरघर. "ऐका. एकानं भागणार नाही. तीन तास माझ्याजवळ नाहीत, अर्धा तास असेल. त्यातल्या त्यात कमी भांडणारी जी असेल ती पाठवा. न जुळलेली."

"डॉक्टर, ती फुटेल तिच्या अंगात. किडनी आधीच—"

"माहितेय. पण त्यासाठी आधी ती टेबलावरून उतरायला तर हवी. फॉर्म पाठवा."

न जुळलेलं रक्त द्यायचा एक फॉर्म आहे. आयुष्यात पाचसहा वेळा भरला असेल मी. खाली दोन सह्या लागतात, रक्तपेढीच्या इन्चार्जची आणि नातेवाइकाची. माझी मी केली. अक्षर माझं वाटत नव्हतं. मग तो कागद घेऊन वर गेले. मास्तर उभेच होते.

"इथं सही करा."

"काय आहे हे?"

"मास्तर, वाचा आणि सही करा. जे रक्त देतोय ते तिच्याशी जुळत नाही. नाही दिलं तर ती आता जाईल. दिलं तर पुढं काय होईल सांगता येत नाही."

त्यांनी वाचलं नाही. "तुम्ही आणलाय म्हणजे बरोबरच असणार," म्हणाले आणि माझ्या पाठीवर कागद ठेवून सही केली. त्यांच्या पेनचं टोक मला पाठीला टोचत होतं. पलीकडून शिंप्याची बायको आली, तिचा नवरा सुखरूप बाहेर आला होता. "बाई, चारच लागल्या बघा. तुमचं बरोबर निघालं," म्हणाली आणि माझे हात हातात घेतले.

जुळलेली एक आणि न जुळलेल्या तीन पिशव्या दिल्या. रक्त थांबलं. चारच्या सुमाराला मुंगीला बाहेर आणलं, नळ्या लावलेली, पांढरी, पण जिवंत. मास्तर भिंतीला टेकून खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. मग डोळे पुसून मला म्हणाले, "तुम्ही दोन लिहिलेत म्हणून वाचली."

"मास्तर, दोन नाही. सहा दिल्या. आणि त्यातल्या तीन..."

"असू दे हो ताई. वाचली ना?"

मी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. आठ डोक्यात होते आणि मी दोन लिहिले. त्यांनी टोपी काढली, डोकं चोळलं. "तुम्ही?" एवढंच म्हणाले. टोपी टेबलावर ठेवून म्हणाले, "जे व्हायचं ते पुढच्या तीनचार दिवसांत दिसेल. मग बोलू."

दिसायला इतकेही दिवस लागले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॉटखालच्या पिशवीत लघवी गडद झाली, मग काळपट, मग येईनाशीच झाली. तिसऱ्या दिवशी मुंगीचे डोळे पिवळे. तोंडातली नळी काढली होती, बोलत होती. हिमोग्लोबिन रोज खाली घसरत होतं, तिचं अंग दिलेलं रक्त फोडून टाकत होतं. किडनीच्या मशीनवर घ्यायचं ठरलं.

मी शेजारी बसले होते. तिचा हात गरम लागत होता.

"ताई, मास्तर सांगत होते. तू माझे दोन लिहिलेस."

"हो."

"मी तुला म्हटलंच होतं वशिला लावीन." ती हसली, ओठ सुकून चिरलेले. मग डोळे माझ्याकडं वळवून तिनं विचारलं, "खरे किती होते?"

तिला कधी खोटं सांगता आलं नाही मला. लहानपणी औषध कडू नाही म्हणून सांगायची, तर माझ्या तोंडाकडं बघूनच ती रडायला लागायची.

"आठ," मी म्हटलं.

तिनं माझा हात सोडला नाही, हे मला आठवतं.

"मग तेच लिहायचेस ना गं," ती म्हणाली. रागानं नाही. भाजीत मीठ कमी पडलंय हे सांगावं तसं.

मी तिच्या गादीत तोंड खुपसून रडले. अठ्ठावीस वर्षांत हॉस्पिटलात रडले नव्हते. मुंगीचा हात माझ्या डोक्यावर होता, आणि त्यात काही जोर नव्हता.

त्याच दुपारी मोठ्या डॉक्टरांनी खाली फोन केला. रक्त द्यावंच लागणार होतं, या वेळी जुळलेलं. "किती ठेवाल?" त्यांनी मला विचारलं. मास्तर खिडकीशी उभे होते, काचेतून आत बघत. त्यांना ऐकू येत होतं. त्यांनी हात जोडले आणि मान हलवली, नको नको म्हणून.

मी रजिस्टर त्यांच्यासमोर ओढलं आणि त्यांना दिसेल असं मोठ्या अक्षरात आठ लिहिलं.

"ताई," मास्तर म्हणाले, "ताई, काय केलंत हे?"

"जे तेव्हा करायला हवं होतं ते."

मग मी आणि शिस्तराव जागचे हललो नाही. इतर रक्तपेढ्यांकडून पेट्याच्या पेट्या मागवल्या, शंभराच्या वर पिशव्या तपासल्या. शिस्तरावांनी मला एकदाही काही विचारलं नाही. आठ पुऱ्या झाल्या. आठही चिठ्ठ्या मी माझ्या हातानं बांधल्या, दोन दोन गाठी मारून, आणि राखीव कप्प्याची किल्ली गळ्यात घातली.

पाच दिल्या. सहावी वर न्यायला सिस्टर आली नाही. सहाव्या दिवशी सकाळी दहाला मुंगी गेली. किडनी गेली, मग यकृत, मग नवी बसवलेली झडप सोडून सगळंच.

मी खाली आले तेव्हा राखीव कप्प्यात तीन पिशव्या उरलेल्या. माझा आकडा पहिल्यांदाच चुकला होता. आठ लागल्याच नाहीत, आठ लागायला माणूस असावं लागतं. शिस्तराव म्हणाले, "बाई, मी करतो." मी म्हटलं, "नाही." चिठ्ठ्या सोडवायला बसले. दोन दोन गाठी मारलेल्या, आणि माझी नखं कापलेली. सुटेनात.

खिडकीवर टकटक झाली. मास्तर होते. कागदपत्रं घ्यायला आले होते, हातात मुंगीची चप्पल घातलेली पिशवी. चेहरा कोरडा. मला वाटलं, आता हे विचारतील, मी सगळं सांगेन, पाया पडेन, ते मला मारतील तर मारू देत.

"ताई," ते म्हणाले, "तुम्ही दोन लिहिलेत तेव्हा ती छाती फाडून घेऊन सुद्धा जिवंत बाहेर आली. मग आठ कशाला लिहिलेत?"

"मास्तर, आठांनी नाही गेली ती. माझ्या दोनांनी गेली. फ्रीजमध्ये तिच्या सहा होत्या. मी दोनच राखल्या, बाकीच्या दुसऱ्यांना गेल्या, म्हणून ते वाईट रक्त द्यावं लागलं. मी मारलंय तिला. ऐकताय ना?"

ते ऐकत होते. सगळं शेवटपर्यंत ऐकलं, मान हलवत, वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या पोराचं ऐकावं तसं.

"नाही," ते हळूच म्हणाले. "मी हात जोडले होते तुम्हाला. माझ्यासमोर लिहिलेत तुम्ही आठ."